सपाट मुलखात वर कुठे?

माझा धाकटा भाऊ म्हणजे डोक्याला ताप. मी मायेने सांगतोय, पण ताप तो तापच.

फर्निचर, फ्रिज असलं सामान घरपोच करणाऱ्या गोदामात त्याला मीच चिकटवला. मी तिथला मुकादम. शाळा अर्ध्यात सुटली, हमाल म्हणून लागलो आणि खुर्ची मिळवली. आमच्या डोंगरातून इथे येऊन खुर्चीत बसलेला दुसरा माणूस दाखवा मला.

हा आला तो तोंड वाकडं करूनच. सकाळी खिडकीत उभा राहिला की सुरू.

"दादा, इथे नजर कशाला अडतच नाही. बघून बघून डोळे दुखतात."

"मग मिटून घे."

"आणि सूर्य बघ, सरळ जमिनीतून उगवतो. आपल्याकडे आधी समोरचा डोंगर उजळायचा, मग उजेड हळूहळू अंगणात उतरायचा. माणसाला उठायला सवड मिळायची."

"तू सवड मिळाली म्हणून कधी उठलायस?"

नदी दाखवायला नेलं तर म्हणे, ही वाहते की थांबलीय, आवाजच नाही. रस्ता दाखवला, चांगला रुंद, सरळसोट, तर म्हणे, "जायचं ठिकाण निघतानाच दिसतंय. मग जायचं कशाला?" माझी बायको हसू दाबत आत पळाली. मी त्याला बजावलं, "माझ्याकडे बघ. आलो त्या दिवशी डोंगर डोक्यातून काढून टाकला, म्हणून इथवर पोचलो."

एवढं सांगून काय झालं? कपाट झालं.

गिऱ्हाईक तळमजल्यावर राहणारं. आरशाचं कपाट द्यायचं होतं. धाकटा दारात सही घेत होता. त्याचा जोडीदार पैलवान. अंगावर मांस नाही म्हणून पैलवान, पण ताकद बैलाची. त्याने विचारलं, कुठे ठेवू? धाकटा म्हणाला, "वरच्या खोलीत." पैलवानाने ड्रायव्हरला हाताशी घेतलं आणि जिना धरला. दुसऱ्या वळणावर कपाट असं अडकलं की खालचे खाली, वरचे वर. काढताना आरसा गेला.

मालकांनी मला बोलावलं. "मुकादम, तुमचा भाऊ म्हणून थांबलोय. आणखी एक तक्रार आली तर घरी पाठवा त्याला."

घरी म्हणजे गावी. गावात मी सगळ्यांना सांगून बसलेलो, धाकट्याची आता काळजी नको, मी बसलोय इथे. आणि हा पिशवी घेऊन परत गेला तर माझं तोंड कुठे लपवू?

रात्री जेवताना विचारलं, "त्या घरात वरची खोली होती का?"

"होती ना. आतली."

"आतली वर कशी झाली? जमीन ताटासारखी आहे इथली."

त्याने घास खाली ठेवला. "आपलं घर गावात सगळ्यांत वर होतं की नाही? घराकडे जायचं म्हणजे वर जायचं. इथे आपलं घर म्हणजे तुझं. कपाटवाल्याची आतली खोली तुझ्या घराच्या बाजूला होती. मग ती वरचीच."

बायको म्हणाली, "अहो, बरोबर बोलतायत भावजी."

"तू गप्प बस," मी म्हणालो. मनातून बरं वाटलं होतं, पण बरं वाटून नोकरी टिकत नाही. मी फर्मान काढलं, उद्यापासून वर आणि खाली हे शब्द बंद. डावं, उजवं, जिना, एवढंच बोलायचं. आणि उद्या मी स्वतः बरोबर येणार.

दुसऱ्या दिवशी फ्रिज होता. मालकही गाडी घेऊन मागोमाग आले, बघायला. धाकटा पुढून, पैलवान मागून, मी मध्ये उभा राहून सांगतोय. धाकटा शहाण्यासारखा वागत होता. "डावीकडे. अजून डावीकडे." सगळं सुरळीत. दारात फ्रिजचा कोपरा चौकटीला लागणार असं दिसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे खाली घे, खाली!"

धाकटा एका झटक्यात बरोबर मला हवं तिकडे सरकला, माझ्या घराच्या उलट बाजूला. पैलवानाने मात्र आपलं टोक खाली टेकवलं. माझ्या पायावर.

मी पाय धरून बसलो. पैलवान विचारतोय, "मुकादम, तुम्हीच तर म्हणालात खाली." धाकटा फ्रिज सावरून धरत माझ्याकडे बघून हसला.

मालक हसले नाहीत. थोडा विचार केला आणि म्हणाले, "फ्रिज वाचला. तुमची भाषा तुम्हा दोघांनाच कळते, तर तुम्ही दोघंच एका गाडीवर जा. तक्रार यायला नको. गोदामात पैलवान बसेल."

म्हणजे धाकट्याची नोकरी राहिली आणि माझी खुर्ची गेली. पैलवान तिच्यात बसतो आणि चहा मागवतो. मी या वयात कपाटं उचलतोय. तरी सांगतो, आमच्या गाडीतून नेलेला एकही आरसा फुटलेला नाही, अख्ख्या गोदामात अशी जोडी नाही.

धाकट्याची टकळी चालूच आहे. काल सोफा उचलताना म्हणतो, "दादा, इथे चढ नाही हे एक बरं आहे."

"आता बरं वाटतंय होय?" मी म्हणालो. "वर घे गुपचूप."

त्याने वर घेतला, बरोबर घराच्या बाजूला.