वर्तुळाबाहेरची वस्ती

मंचरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा अण्णांनी माझी बॅग टपावर चढवू दिली नाही, मांडीवर घेऊन बस म्हणाले. साल अठ्ठ्याण्णव. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मी हैदराबादला नोकरीला निघाले होते, आणि पोरगी एवढ्या लांब चालली याची चर्चा माझ्याआधी स्टँडवर पोचली होती. आई मी सातवीत असतानाच गेली होती, त्यामुळे रडायचं काम कुणाकडेच नव्हतं. "कुणी गाव इचारलं तर मंचरजवळ म्हणू नगं," अण्णा खिडकीशी येऊन म्हणाले. "निरगुडसर म्हण. न्हाई म्हाईत त्यांना, तर त्यांचा दोष." गाडी हलायच्या आत ते पाठ फिरवून चालायला लागले. मला पार पुण्यापर्यंत त्यांचा राग आला होता.

हैदराबादेत माझं काम काय, हे घरी कुणालाच नीट कळलं नाही. परदेशातल्या शहरांचे जुने कागदी नकाशे स्कॅन होऊन यायचे. त्यांच्यावर माऊस फिरवून आम्ही पाण्याच्या लाइनी, गटारं, मॅनहोल गिरवायचो आणि प्रत्येक लाइनीला तिची जाडी, खोली, वय चिकटवायचो. तिकडे पाइप फुटला की तिथला माणूस स्क्रीनवर बघून नेमका तोच व्हॉल्व्ह बंद करणार. माझ्या भावाची, दत्ताची बायको फोनवर हसली होती, "म्हंजी वन्सं, तुमी गोऱ्यांची गटारं मोजताय व्हय!" मीही हसले. खोटं काय होतं त्यात?

तुमच्यातले जे गाव सोडून गेले त्यांना ठाऊक आहे, घरची बातमी आपल्याकडे शिळी आणि धुऊनपुसून येते. रविवारच्या फोनवर मला कळायचं ते इतकंच, की कालव्याला पाणी आलं, ऊस वाढला, दत्तानं पुढचं वावरही उसाला घातलं. आमची वस्ती गावठाणापासून लांब, घोडनदीच्या अंगाला, चार घरांची. दरवेळी सुट्टीला गेले की ऊस अंगणाच्या आणखी जवळ आलेला असायचा. त्या उसात वाघ आहे, हे मात्र फोनवर कुणी सांगितलं नाही. सरकार त्याला बिबट्या म्हणतं, आमच्याकडे तो वाघच.

दत्ताची चिमी पाच वर्षांची होती. दिवस मावळताना आईमागोमाग बांधावर गवताला गेली. वहिनीनं भारा बांधायला मान खाली घातली, आणि वर करून पाहिलं तर मागं पोर नव्हती. यापलीकडे मला लिहिता येत नाही. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

आमच्याकडे स्मशानाकडे बोट दाखवत नाहीत. लहान पोरानं चुकून दाखवलंच तर त्याला ते बोट चावायला लावतात. चिमीनंतर अण्णांनी तोच नियम त्या बांधाला लावला. तिकडे बोट करायचं नाही, तिकडचं नाव काढायचं नाही. दत्ता औत वळसा घालून न्यायचा. चिमीचं नावसुद्धा घरात हळूहळू बंद झालं, आणि ते मला फार लागलं. पुढच्या सुट्टीला मी दोन दिवस राहून गेले, माझ्यासमोर एकदाही कुणी तिचं नाव घेतलं नाही.

पुढच्या वर्षी आमच्या कंपनीकडे वनखात्याचं एक काम आलं. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात वाघानं कुठे कुठे माणसं धरली, त्याचा नकाशा. पिंजरे आणि सौर दिवे कुठे लावायचे ते त्यावरून ठरणार होतं. मराठी येते म्हणून ते माझ्याकडे दिलं. मी निरगुडसर उघडलं, तर चिमीचा ठिपका मारुतीच्या देवळावर होता.

चूक कशी झाली हे मला लगेच कळलं. आलेल्या नोंदींत नुसतं गावाचं नाव होतं, आणि आमच्या प्रोग्रामची सवय अशी, की जागा माहीत नसली की ठिपका गावाच्या मध्यावर टाकून मोकळा. गावोगावी तेच झालेलं. वाघ धरतो उसातल्या वस्तीवर, आणि नकाशात सगळी माणसं देवळापुढं मेलेली. त्या ठिपक्यांभोवती वर्तुळं काढलेली होती. वर्तुळात दिवे, बाहेर काही नाही. आमची वस्ती बाहेर होती, आणि तिथं दत्ताचा धाकटा अजून रांगत होता.

टीम लीडरला दाखवलं. तो म्हणाला, "गाँव तो सही है ना? फिर?" उंटावरून शेळ्या हाकणारी जात. भांडून भांडून एवढंच पदरात पडलं, की खरी जागा कुणी सांगितली तर तेवढा ठिपका हलवता येईल. बाकी गावांत मी कुणाला विचारणार होते? आमच्या गावात विचारायला अण्णा होते.

फोन केला. बांधावर नेमकं कुठं, ते विचारलं.

"ती जागा आमी बोलत न्हाई, ठाव हाय ना तुला?"

"अण्णा, धाकट्यासाठी विचारते. नकाशात देवळापाशी लिहिलंय, ते बदललं तर दिवा लागंल वस्तीवर."

"कुटल्या शाण्यानं देवळापाशी लिवलं? देवळापाशी काय वाघ दर्शनाला येतो?" ते ओरडले आणि मग एकदम आवाज बसला. "लिव. हिरीच्या खालच्या अंगाला. मधला बांध हाय ना, त्याच्या शेंड्याला. बाभळ व्हती तिथं. मीच तोडली."

मी ठिपका उचलला आणि बांधाच्या शेंड्याला ठेवला. वर्तुळ सरकून वस्तीवर आलं. शेजारची मुलगी डबा खायला चल म्हणत होती.

"ठिवलं?" अण्णांनी विचारलं.

"ठेवलं."

"आता पुसू नगं. पोरगी हितं व्हती, हे कुटंतरी ऱ्हाऊ दे."

दिवा लागला. पिंजराही आला आणि त्यात एक वाघ सापडला. तोच का दुसरा, देव जाणे. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली असेल तरी लोकांनी गुलाल उधळला. त्याला गाडीत घालून कुठल्याशा लांबच्या जंगलात सोडलं म्हणे. पण दत्तानं दिवाळीच्या आत बायको आणि धाकट्याला घेऊन भोसरीला खोली केली. "वन्सं, त्या उजेडात बांध आजून नीट दिसतो," वहिनी मला म्हणाली. अण्णा मात्र हलले नाहीत. आता घरात ते एकटेच असतात.

काम संपल्यावर सगळा नकाशा सीडीवर देऊन टाकला आणि नियमाप्रमाणे आमच्या मशीनवरून पुसला. ती सीडी कुणी पुन्हा उघडली का, मला माहीत नाही. मीही ती कंपनी सोडली. अण्णांना यातलं काही मी सांगितलेलं नाही. रविवारी अण्णांचा फोन येतो. आधी पाऊस, मग म्हैस, आणि शेवटी ते विचारतात,

"चिमी हाय ना गं त्या नकाशात?"

"हाय, अण्णा," मी सांगते. "बांधाच्या शेंड्याला."