डावखुऱ्या भाचीचा पुतळा

जिवंत माणसाचा पुतळा करू नये असं आमच्या पेणमध्ये कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, म्हणून मी तो केला.

मी गणपती करतो. पेणमध्ये हे वेगळं सांगायची गरज नसते, दोन घरं सोडून तिसरा माणूस हेच करत असतो. माझी धाकटी बहीण शोभा रोह्याला दिलेली, भाऊजी तिथल्या कंपनीत शिफ्टला. त्यांची एकुलती एक मुलगी प्रणाली. ती डाव्या हाताने फिरकी टाकते. बायकांची शहराशहरांची क्रिकेट लीग सुरू झाली आणि एका नव्याकोऱ्या संघाने तिला लिलावात घेतलं, तेव्हा आमची सौ. हादरली. तिला माहीत असलेला लिलाव म्हणजे धरमतरच्या खाडीवरचा, मासळीचा. शोभाने पोरीचा कसला लिलाव मांडलाय, म्हणून ती दोन दिवस माझ्यावर धुसफुसत होती. शेवटी मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. (मला भाऊजींनी आदल्या दिवशी समजावलं होतं, पण ते सांगायचं काय कारण?)

पहिला मोसम आम्ही कारखान्यातच टीव्ही लावून बघितला. संघ नवा, आम्हीही नवे. संघ हरायला शिकत होता आणि आम्ही बघायला. प्रणाली मात्र रोज दिसायची, पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात पळताना. सौ. म्हणायची, पळते बाकी छान! मी बाजारात सांगत फिरलो की संघाचं सगळं पाणी भाचीच्या हातात आहे. मोसम संपला तरी तिला एक चेंडू टाकायला मिळाला नाही.

मग शोभाचा फोन आला. संघाने प्रणालीला पुढच्या मोसमासाठी कायम ठेवलं होतं, रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं, आणि पोर नाही म्हणत होती. कंपनीच्या लॅबमध्ये जागा निघाली होती, ती धरते म्हणाली. क्रिकेट बास.

"दादा, ती कुणाशी बोलतच नाय रे," शोभा म्हणाली. "तू मामा हायस. कायतरी कर."

मूर्तिकाराला 'कायतरी कर' असं कधी सांगू नये. तो करतो.

मी ठरवलं, प्रणालीचा पुतळा करायचा. स्वतःला असं चेंडू टाकताना, ताठ उभी बघितली की पोरीची छाती फुगेल आणि ती मुकाट संघाला हो म्हणेल. माझ्या हातात चार दिवस होते. चार दिवसांत नवा साचा होत नाही, पण कारखान्यात जुने साचे भिंतीला टेकून उभे असतातच. उभ्या गणपतीचे पाय घेतले, थोडे बारीक केले. पोट तासलं. (फार तासावं लागलं.) चेहरा मात्र फोटो समोर ठेवून माझ्या हाताने घडवला आणि तो हुबेहूब झाला. आता वर उचललेला हात हवा. गणपतीचा एक हात वर असतोच, आशीर्वादाचा. तो लावला. चेंडू म्हणून मोदक घेतला, त्याच्या कळ्या घासून गोल केला आणि आशीर्वादाच्या तळव्यावर बसवला. जांभळी जर्सी रंगवली. चार माणसांनी बघितलं, चौघांनी हात जोडले. मी म्हटलं, काम जमलं!

शनिवारी पुतळा टेम्पोत चढवला. आमच्याकडे मूर्ती नेताना तिचं तोंड झाकायची रीत आहे, त्यामुळे टेम्पोवाल्याने कुणी न सांगताच पुतळ्याच्या तोंडावर रुमाल टाकला. कोलाडला आम्ही चहाला थांबलो. बाहेर येऊन बघतो तर पुतळ्याच्या पायाशी जास्वंदीची चार फुलं आणि एक केळं. हॉटेलवाल्याने हळूच विचारलं की यंदा गणपती एवढ्या लवकर कसे. आता त्याला काय सांगणार? मी केळं खाल्लं आणि निघालो.

रोह्याला शोभाच्या दारात शेजारपाजार जमला. शोभाने ओवाळायला ताट आणलं, भाऊजी शिफ्ट बदलून घरी थांबले होते. मी प्रणालीला हाताला धरून बाहेर आणली आणि झटक्यात रुमाल काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोभाच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रणाली बराच वेळ पुतळ्याकडे बघत राहिली.

"मामा," ती शांतपणे म्हणाली, "ही कोण?"

"कोण म्हणजे? तू गो!"

तिने नुसता आपला डावा हात वर केला.

टाळ्या थांबल्या. भाऊजींनी पुतळ्याकडे बघितलं, मग लेकीकडे, मग माझ्याकडे, आणि ते घरात निघून गेले. आशीर्वादाचा हात उजवा असतो. डाव्या हाताने आशीर्वाद देणारा गणपती मी जन्मात केला नव्हता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मोदक मूळच्या साच्यात डाव्याच हातात होता. मी स्वतः, मुद्दाम, कष्ट घेऊन तो उजवीकडे नेला होता!

आणि मग मला जुनं आठवलं. प्रणाली सात वर्षांची असताना सुट्टीत कारखान्यात आली होती आणि तिने मूर्तीच्या सोंडेला डाव्या हाताने रंग लावला होता. देवाला डावा हात लावतेस म्हणून त्या हातावर चापट मारणारा मीच. आणि आता तोच हात मी पुतळ्यातूनही काढून टाकला होता.

हात बदलून देतो, फक्त दोन तास माझ्यासमोर उभी राहा, म्हणून मी तिला गयावया केली. शेजाऱ्यांच्या नजरेसमोर तो पुतळा नको म्हणून असेल, ती पुतळ्यासकट टेम्पोत बसून पेणला आली. रविवारी सकाळी कारखान्यात मी उजवा हात कापला आणि डावा हात शाडूत घडवायला घेतला. त्याला साचा नव्हता, बघून बघूनच करायचा होता. प्रणाली हात वर करून उभी. पहिलं मनगट तिला पसंत पडलं नाही. दुसरंही नाही. तिसऱ्याला ती वैतागली.

"असं नाय रे मामा. बघ."

जुन्या तळव्यावरचा मोदकाचा चेंडू तिने उचलला, कारखान्याच्या टोकाला गेली आणि दोन्ही बाजूंच्या गणपतींच्या रांगांमधून टाकला. चेंडूचा टप्पा पडला, तो गर्रकन आत वळला आणि थेट पुतळ्याच्या नडगीवर बसला. पुतळा हलला, त्याने थोडा विचार केला, आणि तो आडवा झाला. दोन्हीकडच्या एकाही गणपतीला धक्का लागला नाही, भाचीचे मात्र सहा तुकडे.

आता ही रडणार, असं मला वाटलं.

"मामा, वळला ना?" तिने विचारलं.

"वळला गो. हातभर वळला."

ती हसली. हसत हसत तुकड्यांमध्ये बसली आणि मग खरंच रडली. "अख्खा मोसम मी नेटमध्ये असेच टाकत होते," ती म्हणाली. "बघायलाच कोण नव्हतं."

मी तिच्याजवळ बसलो. माझं चुकलं, असं तिला सांगितलं. तिने विचारलं, कधीचं? म्हटलं, सात वर्षांची होतीस तेव्हाचं, आणि कालचंही. तिने मातीने भरलेला आपला डावा हात माझ्या गालाला पुसला. मग बाहेर जाऊन तिने संघाला फोन लावला आणि येते म्हणून कळवलं. (मोदकाच्या एका बाजूच्या कळ्या घासायच्या राहून गेल्या होत्या. तो का वळला, हे मी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.)

दुसऱ्या मोसमात चौथ्या सामन्याला कर्णधाराने तिच्या हातात चेंडू दिला. कारखान्यातली सगळी कामं थांबली. ती धावत आली तेव्हा मी डोळे गच्च मिटून घेतले. उघडले तेव्हा सौ. नाचत होती आणि एक फलंदाज बाई परत चालली होती.

सामना संपल्यावर प्रणालीने आधी आईला फोन केला, मग मला.

"मामा, बघितलास ना माझा विकेटचा बॉल?"

"बघितला म्हणजे! काय वळला गो! हातभर!"



"मामा, तो वळलाच नाय. सरळ गेला, म्हणून तर ती फसली."

"तेच तर मी सांगतोय," मी म्हटलं. "इतका सुंदर वळला, की सरळच गेला!"