बाबांचं तारण

आपलं तारण झालेलं आहे, याबद्दल माझ्या वडिलांना कधी शंका नव्हती. ऐन तारुण्यात एका ख्रिस्ती सभेत गुडघे टेकून त्यांनी ते स्वीकारलं, आणि पुढची चाळीस वर्षं भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत सायकलवर फिरून लोकांना तेच सांगितलं. माणूस विश्वासानं तरतो, कर्मांनी नाही. दानधर्म करा, उपास करा, देवापुढे त्याची किंमत चिंधीएवढी. हे ते इतक्या गोड आवाजात सांगत की ऐकणाऱ्याच्या डोक्यावरचा भारा उतरे. घरी त्याचा अर्थ एवढाच होई की पाणी आई भरी, लाकडं आई फोडी, सभेला आलेल्या पंधरा माणसांचा भात आई शिजवी, आणि बाबा विश्वासात असत.

आई गेली तेव्हा मी साकोलीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. लग्न झालं नव्हतं आणि आता होईल असंही नव्हतं. प्रचारकाच्या कामातून निवृत्त झालेले बाबा एक ट्रंक आणि पुस्तकांचं एक पोतं घेऊन माझ्या क्वार्टरमध्ये राहायला आले. दीड खोलीचं घर. अर्ध्या खोलीत मी आणि स्टोव्ह, एका खोलीत बाबा आणि त्यांचं तारण.

त्या वर्षांत मी किती चिडले असेन त्याला सुमार नाही. बाळंतपण उरकून दुपारी घरी यावं, तर दूध उतू जाऊन स्टोव्ह विझलेला आणि बाबा हातभर अंतरावर खुर्चीत डोळे मिटून बसलेले.

"बाबा, दुधाकडे तरी पाहायचं!"

"अवं बाई, मी तुह्यासाठीच प्रार्थना करून राहिलो होतो."

यावर माणसानं काय बोलावं? मी वाद घालायची. विश्वास आहे तर तो हातापायांत का उतरत नाही, असं विचारायची. ते शांतपणे मला समजावत, "कर्म हे फळ हाय, मूळ नाही. आंबे लागतात म्हणून झाड आंब्याचं होत नाही. ते आंब्याचं हाय म्हणून त्याले आंबे लागतात."

"मग या झाडाला चाळीस वर्षांत एखादी कैरी तरी लागली का?" मी एकदा म्हणाले.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाणी मीच भरत होते.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी त्यांना न्यूमोनिया झाला. वाचतील असं वाटत नव्हतं, पण वाचले. उठून बसू लागले तेव्हा मात्र काहीतरी बिघडलेलं होतं. पुस्तक मांडीवर असे आणि पान उलटत नसे. शेजारचे मास्तर गप्पा मारायला आले तरी बाबा त्यांना उपदेश करत नसत. एका सकाळी मी इंजेक्शनच्या सुया उकळत होते, तेव्हा म्हणाले, "मले करडीले जायचं हाय."

करडी म्हटल्याबरोबर मला कळलं.

मी आठेक वर्षांची असताना आम्ही करडीत राहायचो. बाबा तिथे लोकांना वाचायला शिकवत आणि रविवारी उपासना घेत. गावातलं एक जोडपं नव्यानं ख्रिस्ती झालेलं. त्यांची तीन महिन्यांची मुलगी तापानं गेली. बाप्तिस्मा देऊ शकणारे पाळकसाहेब वर्षातून दोनदा यायचे, आणि ती मुलगी त्या दोन वेळांच्या मधल्या काळात जन्मली आणि मधल्याच काळात गेली. गावाबाहेर काटेरी कुंपणाची आमची लहानशी दफनभूमी होती. नियम असा की बाप्तिस्मा झालेल्यांनाच तिथे जागा. तो बाप मुलीला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून घेऊन आला, मागे ती आई. बाबा फाटकात उभे राहिले. माझी आई हळूच म्हणाली, "अहो, राहू द्या ना." बाबा म्हणाले, "माझ्या हातात नाही." ती दोघं मुलीला घेऊन परत फिरली. पुन्हा उपासनेला कधी आली नाहीत.

पुढे थोडी जाणती झाल्यावर मी बाबांना विचारलं होतं, की तीन महिन्यांच्या पोरीनं विश्वास कसा ठेवायचा होता? त्यांनी मला शाळेचं पुस्तक उघडायला सांगितलं होतं. तेव्हापासून त्या गोष्टीचा घरात कुणी उच्चार केला नव्हता.

आता बाबाच म्हणत होते, "ते पोरगी कोठंच बसत नाही बाई. तिनं विश्वास ठेवला नाही, तिनं काही केलंबी नाही. माझ्या हिशेबात तिले जागाच नाही. पण देवानं तिले दाराबाहेर ठेवलं असन, असं माझ्या तोंडून निघत नाही. दाराबाहेर तिले मीच ठेवलं."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. एवढी वर्षं काय करत होते हे?

"मग आता करडीला जाऊन काय करणार?"

"माफी मागीन."

"ते कर्म झालं."

"नाही, तो पश्चात्ताप."

"तुमच्या पश्चात्तापाला दोन एस्ट्या बदलाव्या लागतात बाबा. आणि गोळ्या, आणि पाण्याची सुरई, आणि तुम्हाला चढवायला-उतरवायला एक माणूस. ते कोण?"

ते माझ्याकडे इतक्या निष्पापपणे पाहत राहिले की मी रजेचा अर्ज लिहायला घेतला.

करडीला पोचलो तेव्हा गावात धानाची मळणी चालू होती. त्या मुलीची आई आता म्हातारी; तिचा नवरा केव्हाच वारला होता. मुलगा आणि सून खळ्यावर होते आणि ती एकटी अंगणात सुपातले तांदूळ निवडत बसली होती. पाहून नव्हे, बोटांनी चाचपून. बाबांनी टोपी काढली, काठीवर दोन्ही हात ठेवले आणि बोलायला सुरुवात केली. मला वाटलं होतं दोन वाक्यं बोलतील. त्यांनी मनुष्याच्या पतनापासून सुरुवात केली. कृपा आली, क्रूस आला, हरवलेलं मेंढरू आलं. मी मेल्याहून मेल्यासारखी उभी. ती बाई खडे वेचत राहिली. बाबांचा दम सरला तेव्हा म्हणाली, "आवाज ओरखला मास्तर. तोंड नाही दिसून राहिलं. माफी मागून तुमाले बरं वाटन. मले काय?"

मी पुढे झाले आणि तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. दोन्ही बाहुल्या दह्यासारख्या पांढऱ्या.

"मावशी, हे कधीपासून?"

"दोन वर्सं झाली. वय झालं, डोरे गेले."

"गेले नाहीत. मोतीबिंदू आहे. पुढच्या महिन्यात साकोलीला शिबिर लागतं, ऑपरेशन करून घ्या."

"कोण नेन मले? धान घरात यायचं हाय."

"आम्ही नेतो," बाबा म्हणाले.

आम्ही! मी त्यांच्याकडे पाहिलं. ते आभाळाकडे पाहत होते.

शिबिर साकोलीतल्या शाळेत भरलं. नागपूरहून डॉक्टर आले. वर्गातली बाकं बाहेर काढून जमिनीवर धानाचं तणस पसरलं, त्याच्यावर सतरंज्या, आणि ओळीनं पेशंट. तेव्हाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे टाके असायचे. डोळ्यांवर पट्टी बांधून चार-पाच दिवस उताणं पडायचं. खोकायचं नाही, हसायचं नाही, कूस बदलायची नाही. म्हणून प्रत्येकाजवळ घरचं एक माणूस लागे. तिचा मुलगा बैलगाडीनं आणि मग एस्टीनं तिला घेऊन आला, ऑपरेशन होईतो थांबला आणि खळ्यावर धान उघडं पडलंय म्हणून निघून गेला. मला साठेक पेशंटांची ड्यूटी. मी बाबांना घरून उठवून आणलं, त्यांच्या हातात वरणभाताची थाळी दिली आणि म्हणाले, "विश्वास की कर्म ते मागून ठरवा. आधी हिला भरवा."

ज्या माणसानं जन्मात स्वतःच्या हातानं वाढून घेतलं नव्हतं, तो दुसऱ्याला काय भरवणार? पहिलं वरण तिच्या मानेवरून तणसात गेलं.

"मास्तर, तोंड इकडं हाय."

आणि ती हसली. हसायची सक्त मनाई! मी धावत जाऊन दोघांनाही रागावले. बाबांना भात कालवता येत नव्हता, घास केवढा करावा ते कळत नव्हतं, मीठ लागलं तर मागायचं कुणाला ते ठाऊक नव्हतं. दर दहा मिनिटांनी मला हाक. थाळी हापशीवर नेऊन राखेनं घासत आणि अर्धी राख तशीच ठेवून आणत. वर आणखी एक ताप. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या आणि कुणाला उठून जायची मुभा नाही, असा श्रोतृवर्ग त्यांना चाळीस वर्षांत मिळाला नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ओळीच्या मधोमध बसून तारणाचा विषय काढला. डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून विचारलं, "सिस्टर, ते म्हातारबुवा कोण?"

"माझे वडील," मी म्हणाले. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी मी पलीकडच्या पेशंटाला थर्मामीटर लावत होते. बाबा तिला भरवत होते. ती म्हणाली, "मास्तर, हे केल्यानं तुमी तरता का?"

"नाही. हे करून कोणी तरत नाही."

"मंग कायले करता?"

बाबांचा हात थाळीत थांबला. मी मनात म्हटलं, आला आता आंबा. पण बाबांनी नुसतं थाळीतल्या भाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुले भूक लागली असन म्हणून."

"लागली ना. मंग बोलत काहून बसले?"

पट्ट्या सोडल्या त्या दिवशी मी मुद्दाम तिथे होते. तिनं डोळे किलकिले केले, पाणी आलं, ते पुसलं आणि मी शिबिराचा जाड चष्मा लावून दिला तशी आधी बाबांना पाहिलं. "बापा! किती म्हातारे झाले मास्तर." मग माझ्याकडे वळली. कितीतरी वेळ पाहत राहिली.

"तू तुह्या मायसारखी दिसते. माय हाय का?"

"गेली, मावशी."

"गेली का?" ती हळहळली. "तिनंच तं आमची पोरगी ठेवली. आमी दोघं तराच्या पारीवर खड्डा खणत होतो, तं मागून आली. पदर खोसला, मातीत हात घातले. बाई, प्रार्थनाबी तिनंच म्हटली. दुसऱ्या दिवशी भात घेऊन आली. मंग तुमची बदली होईतो येतच राहिली. मास्तरले सांगजो नोको म्हणे."

तळ्याच्या पाळीवर आई. मला आठवलं, त्या दिवसांत आई रोज सरपणाला म्हणून जायची आणि कधीकधी काटकीही न घेता परत यायची. घरात कुणी विचारलं नाही. विचारणारा विश्वासात होता.

बाबांचा चेहरा पाहवत नव्हता. ते भिंतीला टेकून खाली बसले. मला वाटलं आता रडतील, आणि मला वाटलं, रडू देत. पण थोड्या वेळानं त्यांनी मान वर केली आणि ओल्या आवाजात म्हणाले, "म्हणजे देवानं तेव्हाच सोय करून ठेवली होती."

मग माझा तोल गेला. सगळ्या वर्गादेखत मी ओरडले, "देवानं नाही बाबा, आईनं! तुम्हाला चोरून!"

"तेच म्हणून राहिलो मी, बाई," ते म्हणाले. "तेच."

आजही मला ठरवता येत नाही, की ते तेव्हा हरले होते की नेहमीसारखे निसटले होते.

उन्हाळ्यात आम्ही पुन्हा करडीला गेलो. तिला प्रार्थनेचं विचारलं तर म्हणाली, "या ना. पण लांब नोका बोलजा." तळ्याच्या पाळीवर मोहाचं झाड होतं. खाली खूणबिण काही नाही. ती बोटानं जागा दाखवून बाजूला झाली. बाबांनी टोपी काढली आणि खरोखरच चार वाक्यांत संपवलं. त्यात आईसाठी एक वाक्य होतं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

पुढे बाबा बदलले, असं म्हणायला मला आवडलं असतं. सकाळी पाण्याचे दोन पितळी गुंड भरून आणायला लागले, हे खरं. एक क्वार्टरपर्यंत येताना अर्धा सांडे. दूध मात्र शेवटपर्यंत उतू गेलं. उपदेशही तोच राहिला, विश्वासानं तारण, कर्मांनी नाही. फक्त कुणी लहान लेकरांबद्दल विचारलं तर म्हणत, "ते मले माहीत नाही." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

चार वर्षांनी ते गेले. रोवणा म्हणजे धानाची लावणी चालू होती, म्हणून मातीला ती येऊ शकली नाही. आठ दिवसांनी आली, जाड भिंगांचा चष्मा लावून, एकटी, दोन एस्ट्या बदलून. मी चहा केला. इकडचं तिकडचं झाल्यावर राहवलं नाही म्हणून विचारलं, "मावशी, बाबांना तुम्ही माफ केलं होतं का?"

"त्यानं मागतली कोठं?" ती म्हणाली. "भासन देल्लं. मंग जेऊ घातलं."

"म्हणजे केलं की नाही?"

"तुमी बापलेक एकसारखेच," ती वैतागून म्हणाली. "इचारतच राहता. चष्म्याची काडी ढिली झाली माझ्या, तेवढी कसून दे पह्यले."

मी टाक्यांच्या चिमट्याच्या टोकानं स्क्रू कसून दिला. तिच्या परतीची, तुमसरकडची गाडी तीन तास उशिरा आली आणि तीही खच्चून भरलेली. कंडक्टर दार उघडेना. मी दारावर थापा मारून, भांडून, तिला आत चढवलं आणि एका तरण्या माणसाला उठवून तिला खिडकीशी जागा करून दिली.