अडलं तर ग्रुपवर विचारा

तुमचे मामाआजोबा, म्हणजे माझा धाकटा भाऊ, दोन वर्षं अंथरुणावर आहे हे तुम्हाला माहीत आहे. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, जीभ मात्र जशीच्या तशी राहिली. त्याची मुलगी, माझी भाची, घरी राहून त्याचं सगळं करते आणि त्याच खोलीत टेबल टाकून नोकरीही करते. मी दोन गल्ल्या सोडून राहते. रोज सकाळी त्याला पेज भरवायला जाते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. तुम्ही दोघंही कॉम्प्युटरचंच शिकताय, तेव्हा तुम्हाला त्याचा उपयोग होईल असं वाटतं.

भाचीचं काम असं. आपण व्हिडिओ कॉल करतो तेव्हा तुमचा फोन आणि माझा फोन सरळ बोलत नाहीत, मध्ये कुणाचा तरी मोठा कॉम्प्युटर असतो. तो बंद पडला की आपण गप्प. तिचं सॉफ्टवेअर हा मधला माणूस काढून टाकतं आणि दोन कॉम्प्युटर एकमेकांशी थेट जोडतं. ते फुकट आहे, जगभरातली माणसं मिळून ते बनवतात, आणि नवीन येणाऱ्या प्रोग्रामरला ते कसं वापरायचं हे सांगणारं मार्गदर्शक लिहिणं हे भाचीचं काम. ते इंग्रजीत असतं.

या उन्हाळ्यात तिला पगार देणाऱ्या परदेशातल्या संस्थेकडून कळवण्यात आलं की मार्गदर्शक कुणाला समजत नाही, येणारा प्रत्येक जण तेच ते प्रश्न त्या सॉफ्टवेअरच्या चॅट ग्रुपवर विचारतो. तीन आठवड्यांत सुधारणा दिसली नाही तर लिखाण बंद करून व्हिडिओ करायचे, आणि ते दुसऱ्या देशातलं कुणीतरी करेल. म्हणजे तिचं काम संपणार. दर दोन तासांनी वडिलांना कुशीवर वळवायला उठू देईल अशी दुसरी नोकरी तिला कोण देणार? हे ती बोलली नाही. पण त्या आठवड्यात तिने दोनदा भाताला मीठ घातलं नाही आणि एका दिवशी एकाच भाताला दोन वेळा घातलं.

"आत्या, तुझं इंग्रजी पक्कं आहे," ती म्हणाली. "जरा स्पेलिंग, ग्रामर बघून दे ना."

मी छापून मागितलं. पडद्यावर वाचलं की माझे डोळे पाणावतात, आणि पेन्सिल हातात असल्याशिवाय मला वाचताच येत नाही. तिने छापून आणलं. स्पेलिंगची एकही चूक नव्हती. वाक्यं सुबक होती. 'सिंपली' हा शब्द पहिल्याच प्रकरणात अकरा वेळा होता, आणि जिथे जिथे तो होता तिथे मला काहीच कळत नव्हतं.

"स्पेलिंग बरोबर आहे," मी म्हटलं. "पण हे वाचून कुणाचे कॉम्प्युटर जोडले जातील का?"

"म्हणजे काय, आत्या? सगळं लिहिलंय त्यात."

मी नाशिकच्या अंबड वसाहतीतल्या कारखान्यात सव्वीस वर्षं मॅन्युअल लिहिली. विजेची पॅनेल बनायची तिथे. आमच्या साहेबांचा एक नियम होता आणि तो त्यांनी कुणासाठी वाकवला नाही. मॅन्युअल लिहून झालं की दुसऱ्या खात्यातला एक कामगार बोलवायचा, ज्याने ते पॅनेल कधी पाहिलेलं नाही. एकाने मॅन्युअल मोठ्याने वाचायचं, कामगाराने तसंच करायचं, आणि लिहिणाऱ्याने हात मागे बांधून भिंतीला टेकून उभं राहायचं. बोलायचं नाही, मानही हलवायची नाही. माझ्या पहिल्या मॅन्युअलच्या वेळी निफाडहून येणारा एक वयस्कर फिटर होता. तो पाचव्या ओळीला थांबला आणि म्हणाला, "बाई, यात लय लिवलंय, पण हात कुठं घालायचा ते नाय लिवलं." मला रडू आलं होतं. साहेब म्हणाले, पुन्हा लिहा.

तोच नियम मी भाचीला सांगितला. कामगार मीच होणार होते. तिचा लॅपटॉप आणि तिच्या वडिलांचा जुना लॅपटॉप, असे दोन मांडले. वाचणार मी, करणार मी, आणि तिने पलंगाच्या पायथ्याशी गप्प बसायचं.

तिसऱ्या पायरीला तिचा धीर सुटला. "आत्या, तिथे नाही, अगं आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी आधी उघड..."

"हे कुठे लिहिलंय?"

"ते सगळ्यांना माहीतच असतं."

"मला नाही. तोंड बंद."

पलंगावरून भाऊ म्हणाला, "ताई, या पोरीला गप्प बसवणारं माणूस मी तीस वर्षं शोधतोय. तू आधी का नाही आलीस?"

"बाबा, तुम्ही झोपा हो."

"झोपूनच तर आहे."

ती दुपार मला नीट आठवते, कारण मी खूप दमले होते. जे सॉफ्टवेअर आधी लॅपटॉपवर घालून ठेवायला हवं, ते नवव्या पानावर सांगितलं होतं. 'आता दुसरा कॉम्प्युटर सुरू करा' असं होतं, पण त्यानंतरची आज्ञा पहिल्यावर द्यायची की दुसऱ्यावर, ते नव्हतं. आणि प्रत्येक पायरीच्या शेवटी एकच वाक्य: अडलं तर ग्रुपवर विचारा.

मग सातवी पायरी आली. दुसऱ्या कॉम्प्युटरचा पत्ता टाका, असं सांगून खाली उदाहरणादाखल आकड्यांचा एक पत्ता दिला होता. मी तो जसाच्या तसा टाकला. लॅपटॉपने सांगितलं, समोर कुणी नाही. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. चार वेळा तपासून टाकला. आकडा न् आकडा बरोबर होता.

भाची दोन्ही हात तोंडावर ठेवून बसली होती. शेवटी मीच परवानगी दिली. "बोल."

"आत्या, तो पत्ता म्हणजे स्वतःचाच. प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःला त्याच नंबराने ओळखतो. आम्ही लिहिताना एकाच लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून बघतो ना, तिथे तो चालतो."

"म्हणजे तुमच्यापैकी कुणी हे वाचून दोन वेगळे कॉम्प्युटर जोडलेच नाहीत?"

तिने माझ्या हातातला कागद घेऊन सातवी पायरी पुन्हा वाचली. मग म्हणाली, "जोडलेत. पण तेव्हा कुणीतरी फोनवर असतंच."

तेव्हा मला तिच्या मार्गदर्शकाचं खरं दुखणं कळलं. आपण नाशिककर कुणाला घरचा पत्ता सांगतो तसं तिने ते लिहिलं होतं. सिग्नलपर्यंत या, तिथून डावीकडे वळा, आणि आलात की फोन करा. मग आपण गॅलरीत उभं राहून हात हलवतो आणि पाहुणा पोहोचतो. पाहुणा पोहोचला म्हणजे पत्ता बरोबर होता असं आपण समजतो. भाची दोन वर्षं गॅलरीत उभी होती. कुणीही ग्रुपवर विचारलं की ही वडिलांना भरवता भरवता एका हाताने उत्तर द्यायची, प्रेमाने, सविस्तर. लोक आभार मानायचे, आणि मार्गदर्शक होतं तसंच राहायचं. तिच्या चांगुलपणामुळेच ते कच्चं राहिलं, हे तिला सांगणं मला जड गेलं. पण सांगितलं.

"मग मी उत्तरंच द्यायची नाहीत का?" ती चिडली.

"द्यायची. पण आधी मार्गदर्शकात लिहायचं, मग तिकडे बोट दाखवायचं."

"तुला काय जातंय सांगायला. रात्रंदिवस मला विचारतात, तुला नाही."

ती बरोबर होती. मी घरी आले आणि पंखा लावून नुसती बसून राहिले. या वयात लोकांच्या चुका दाखवायची मला हौस उरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. तेवढा वेळ भावापाशी शेजारच्या वहिनी बसल्या. आम्ही बोललो फारसं नाही, लिहायला घेतलं. पुढचे अडीच आठवडे तेच. एक वाक्य, एक काम. प्रत्येक आज्ञेआधी ती कोणत्या कॉम्प्युटरवर द्यायची ते. प्रत्येक पायरीनंतर पडद्यावर काय दिसायला हवं ते, आणि ते न दिसल्यास काय करायचं ते. उदाहरणाचा पत्ता काढून स्वतःच्या कॉम्प्युटरचा खरा पत्ता कसा शोधायचा ते घातलं. सगळे 'सिंपली' खोडले. 'ग्रुपवर विचारा' हे वाक्य तिने स्वतःच्या हाताने एकेक करून काढलं, मी नाही. संध्याकाळपर्यंत माझी मान धरायची. तिला तर मान धरायलाही फुरसत नव्हती.

आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. मुलंमुली तिथे भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करतात. त्यांच्यातली सहा जण यायला तयार झाली. तीन जोड्या, प्रत्येकीला दोन लॅपटॉप. भाचीचे परदेशातले वरिष्ठ व्हिडिओवरून बघणार होते. सगळ्यांना जयभीम करून तिने कागद वाटले आणि ती माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली, हात मागे.

पहिली जोडी पंचवीस मिनिटांत जोडली गेली. एकीने पाठवलेलं 'पोचलं का?' दुसरीच्या पडद्यावर उमटलं आणि दोघी ओरडल्या. तिसऱ्या जोडीलाही जमलं, जरा उशिरा. दुसरी जोडी मात्र नवव्या पायरीला अडकली. लॅपटॉप परवानगी मागेल, होय म्हणा, असं आम्ही लिहिलं होतं. त्यांचा लॅपटॉप जुना होता, तो काही मागतच नव्हता.

नांदगावकडची एक मुलगी होती, ती म्हणाली, "मॅडम, हा काहीच विचारत नाही."

भाचीचा श्वास मला ऐकू येत होता. एक शब्द बोलली असती तर तीनही जोड्या जमल्या असत्या, आणि पडद्यावरच्या साहेबांना कळलंही नसतं, कारण त्यांना मराठी येत नाही. ती बोलली नाही. मुलींनी दहा-बारा मिनिटं खटपट केली आणि सोडून दिलं.

साहेबांनी विचारलं, एक जोडी का राहिली? भाचीने कागद उचलून कॅमेऱ्यासमोर धरला आणि नवव्या पायरीवर बोट ठेवलं. इथे एक ओळ कमी आहे, ती माझ्याकडून लिहायची राहिली, असं तिने इंग्रजीत सांगितलं. ते म्हणाले, कळवतो.

चार दिवसांनी कळवलं. लिखाण चालू राहील आणि भाचीच लिहील. आत्ता झालं ते एकच प्रकरण, बाकीची तेवीस याच पद्धतीने करावीत.

मी गेले तेव्हा ती भावाला कुशीवर वळवत होती. मी दुसऱ्या बाजूने चादर धरली.

"ऐकलंस का ताई," भाऊ म्हणाला, "तुझी पेन्शन बंद, नोकरी चालू."

भाची हसली नाही. उशी नीट करत तिने विचारलं, "आत्या, उद्या अकराला येशील? दुसरं प्रकरण छापून ठेवते."

मी म्हटलं, "परवा. उद्या तूही झोप."

ती हो म्हणाली. मग तिथेच, वडिलांच्या पायाशी डोकं टेकून तिचा डोळा लागला. ग्रुपवरच्या प्रश्नांनी वाजणारा तिचा फोन मी उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.