रिकामा फुगा

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावच्या लायब्ररीच्या हॉलमध्ये वर्षातून एकदा कॉमिक्सचा बाजार भरतो. मोठ्या प्रकाशकांनी ज्यांना कधी दारात उभं केलं नाही, अशांचा. काळे, मेक्सिकन, फिलिपिनो आणि मराठी म्हणून मी एकटी. आपापली पुस्तकं आम्हीच काढतो, आम्हीच छापतो आणि टेबलामागे बसून आम्हीच विकतो. एरवी मी दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. पोट त्यावर चालतं, बाजारावर नाही.

छपाई आमच्यातल्या एकाच्या गॅरेजमध्ये होते. मशीन जुनं, एका वेळी एकच रंग टाकणारं. छापून झालं की पानांचे गठ्ठे लांब टेबलावर ओळीने मांडायचे आणि टेबलाभोवती फिरत एकेक पान उचलायचं. फेरी पुरी झाली की हातात एक पुस्तक तयार. मग घडी, मग स्टेपल. एकमेकांच्या पुस्तकांसाठी सगळे फिरतात. त्यामुळे माझं पुस्तक त्या सगळ्यांनी वाचलं होतं. कळलं कुणालाच नव्हतं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

गोष्ट साधी होती. कॅरीतल्या एका मराठी घरी पॉटलक आहे, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचं जेवण. टेबलाभोवती माणसं जेवतायत, प्रत्येकाच्या डोक्यावर बोलण्याचा फुगा, फुग्यात मराठी आणि खाली बारीक अक्षरात इंग्रजी. विषय आरक्षणाचा. "आमच्या मुलाला मार्क्स असून सीट मिळाली नाही." "म्हणून तर इकडे यावं लागलं." "आता ते कोट्यातले इथेही पोचलेत, आपल्यात मिसळतात, कळतसुद्धा नाही." कडेला एक बाई बसली आहे. तिच्या डोक्यावरही फुगा आहे, पण रिकामा. शेवटच्या पानापर्यंत रिकामाच.

ती बाई मी. माझं आडनाव गावावरून आलेलं, त्यावरून जातीचा पत्ता लागत नाही. लोक आडून आडून विचारतात, मूळचे कुठले, कुलदैवत कोणतं. मी नागपूर म्हणते आणि भाताचं भांडं पुढे सरकवते. कव्हरवर मी नाव घातलं नव्हतं. शाई मात्र निळी निवडली. गॅरेजमधल्या मंडळींना तो निळा उदास वाटला. आमच्या घरात निळा हा सणाचा रंग.

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण आपल्या आजीच्या सलूनची चित्रं काढते. तिने विचारलं, "मराठी येत नाही म्हणून ती बाई गप्प आहे ना?" मी हो म्हटलं. जात समजावून सांगायला घेतली की समोरचा आधी उत्सुक होतो, मग दमतो, आणि मग म्हणतो, म्हणजे आमच्यासारखंच. थोडं तसंच असतं, थोडं नसतं. आपल्या म्हणवणाऱ्या माणसांनी भरलेल्या हॉलमध्येही इतकं एकटं वाटावं, याची मला चीड येते.

दुपारी नातवंडांची पुस्तकं परत करायला एक काकू आल्या आणि हॉलमध्ये डोकावल्या. माझ्या चित्रातलं पॉटलक त्यांच्याच घरचं.

"अगं, तू? हे तू काढतेस?" त्यांनी पुस्तक उचललं. "हे तर आमचं डायनिंग टेबल. आणि ही माझी पैठणीची फ्रेम." त्या हसल्या. मग त्यांचं स्वतःचं वाक्य आलं आणि पान उलटणारा हात मंदावला. शेवटच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"हा बबल रिकामाच राहिलाय. प्रिंटिंगमध्ये मिस झालं का काही?"

त्यांनी मला पळवाट दाखवली, की खरंच विचारलं, मला आजही सांगता येणार नाही. हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. मी पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं, पेन उचललं आणि फुग्यात लिहिलं: काकू, मी त्यांच्यातलीच. रागही होता आणि भीतीही होती.

काकूंनी वाचलं. चष्मा सारखा केला. "चित्रं छान काढतेस हं," म्हणाल्या आणि पुस्तक पर्समध्ये ठेवून निघाल्या.

बाजार उठताना आम्ही पुस्तकांची अदलाबदल करतो, तो रिवाजच आहे. पिशवीभर पुस्तकं घेऊन मी घरी आले. एकही उघडलं नाही.

पुढच्या पॉटलकचा मेसेज आला. दर वेळी काकूंचं ठरलेलं असायचं, तुझं ते वांग्याचं भरीत आण गं, त्याशिवाय मजा नाही. या वेळी लिहिलं होतं, "तू फक्त पेपर प्लेट्स आण. उगाच कुकिंगचा त्रास नको." पुढे हसरा चेहरा.

खरंच माझा त्रास वाचवायचा असेल. वांग्याचं दुसरं कुणी काही आणणार असेल. मी स्वतःला असं बरंच सांगून पाहिलं. कुणी तोंडावर बोललं असतं तर भांडता आलं असतं. भांडायला मी कुणाला हार जात नाही. पण पेपर प्लेट्सशी कसं भांडायचं?

मी दोन्ही नेलं. इलेक्ट्रिक शेगडीवर वांगी भाजता येत नाहीत, म्हणून ओव्हनमध्ये भाजली. हिरवी मिरची, पातीचा कांदा, वर कोथिंबीर. काकूंच्या टेबलावर डब्याचं झाकण काढून आत चमचा घातला आणि शेजारी प्लेट्स ठेवल्या. सगळे नेहमीसारखेच बोलले. काकूंनी मला आग्रह करून दुसऱ्यांदा श्रीखंड वाढलं.

निघताना त्यांनी डबा हातात दिला. "आयटम्सच खूप झाले होते गं." डबा जड होता. प्लेट मात्र एकही उरली नव्हती.

वळणापुढे गेल्यावर मी गाडी थांबवली आणि डबा मांडीवर घेऊन उघडला. वरची कोथिंबीर जशीच्या तशी होती. पर्समध्ये एक चमचा सापडला. मी तिथेच बसून खाल्लं.

भरीत चांगलं झालं होतं.