आईचा चिघळलेला पाय

भाताच्या आवणीच्या तोंडावर आईच्या पायात काटा मोडला आणि पाय चिघळला. आहुप्यातलं आमचं घर तिच्याच कष्टावर चालायचं. ती उठली नाही तर शाळा सोडून भात लावायला मी जायचं, असं घरात ठरलं.

मी शिकवते त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काल आयोडीनचा वास आला आणि मिशनच्या सिस्टर आठवल्या. आईहून वयानं मोठ्या, डिंभ्याहून यायच्या. पहिल्याच दिवशी ओट्यावर बसून त्यांनी आईचा पाय मांडीवर घेतला.

“पाय नका धरू बाई, मला पाप लागंल,” आई म्हणाली.

“आमच्या येशूनं बारा जणांचे धुतले. मी एकच पाय धुतेय, धुऊ द्या.”

त्या वाकून पू पुसत होत्या. कुणी पायाशी वाकलं की काय करायचं, तेवढं आईला ठाऊक. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. “औक्षवंत व्हा.”

मला हसू आलं. सिस्टर हसल्या नाहीत. आईचा हात निघेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. तो आशीर्वाद त्यांनी खरा मानला, हे मला आत्ता कळतं.

त्या रोज येत राहिल्या. पाय सुकला, आई खाचरात उतरली आणि मी शाळेत गेले. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मी आहे.