पाहू मॅडमचं टेबल

प्रश्नाचं उत्तर न देण्याचा पगार घेणारी एकच व्यक्ती मी पाहिली. आमच्या बीबी गावच्या शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडम. "मॅडम, ही वायर इथं लावली तर?" असं विचारलं की त्या म्हणायच्या, "लाव. पाहू." "अन् जळलं तर?" "वास येईल. पाहू." सगळी शाळा त्यांना पाहू मॅडम म्हणायची, अगदी तोंडावर. त्याही ओ द्यायच्या.

मॅडम मलकापूरच्या. तिथल्या भंगारवाल्यांशी त्यांची सोयरीक असल्यासारखी ओळख होती. गावाहून येताना पिशवीत बंद खेळणी, मिक्सरच्या मोटारी, प्रिंटरची चाकं असायची. प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर पिशवी उपडी करायची आणि आपण बाजूला उभं राहायचं. "मी हात लावला का ते माह्यं झालं. तुमचंच राहू द्या," म्हणायच्या. रोबोट आम्ही त्याच टेबलावर शिकलो, म्हणजे आधी पुष्कळ जाळले.

पालकांची कुरकुर होतीच, की बाई काही शिकवत नाहीत, पोरं नुसती खोलखाल करतात. शेवटी हेडसर वैतागले. "खामगावच्या रोबोटच्या स्पर्धेत नंबर आला तर ठीक. नाहीतर टेबलाच्या खोलीले कुलूप, अन् शिकवणं फळ्यावर." मॅडम "पाहू" म्हणाल्या खऱ्या, पण आवाज बारीक होता.

स्पर्धेसाठी मी आणि माझ्या वर्गातल्या रेश्मानं रेषेवर चालणारी गाडी केली. शाळेची फरशी काळी, म्हणून तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवली. पट्टीच्या दोन्ही बाजूंना गाडीचा एकेक डोळा, म्हणजे काळं-पांढरं ओळखणारा सेन्सर. डोळ्याखाली काळं असलं की त्या बाजूचं चाक फिरायचं, पांढरं आलं की थांबायचं, आणि गाडी वळून जागेवर यायची. शाळेत ती बिनचूक धावायची. खामगावला पाहतो तर जमीन पांढरी आणि रेष काळी. गाडी अडलेल्या बैलासारखी जागची हलेना.

"मॅडम, सांगून टाका न त्यायले," हेडसर म्हणाले. मॅडम खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. तेवढ्यात रेश्मा म्हणाली, "तिले काळंच पाह्यजे न? मंग दोन्ही डोळे काळ्यावरच ठेवू." डोळे जवळ आणले. गाडी निघाली, पण वळणावर रेषेकडे यायचं सोडून आणखीच बाहेर गेली. मी म्हणालो, "डाव्या डोळ्याची वायर उजव्या चाकाले लावली तर? अन् उजव्याची डाव्याले?" हेडसर केव्हाच गुडघे टेकून आमच्यात बसले होते. ते म्हणाले, "लाव बे, पाहू."

गाडी शेवटपर्यंत गेली. वेळ मात्र कधीच संपली होती, नंबर कुठला येतो? दुसऱ्या दिवशी हेडसर प्रयोगशाळेत आले, ते कुलूप न घेता मोटारसायकलचा हॉर्न घेऊन. "हा काऊन वाजत नाही, पाहा बरं," म्हणत त्यांनी तो टेबलावर ठेवला.

पुढं मॅडमची बदली झाली. निरोपाच्या दिवशी मी विचारलंच, "मॅडम, खामगावले तुमच्या ध्यानात आधीच आलं होतं न?"

त्या हसल्या. "गाडी खाली ठेवली तवाच. जीभ अशी चावून धरली होती, का मंग आठवडाभर तिखट खाता आलं नाही मले."

त्या दिवशी कुलपात जाणार होतं ते टेबल त्यांचंच होतं, तरी त्यांनी उत्तर सांगितलं नव्हतं. वाकून पाया पडलो.